तपासणी खलाशाची, जहाजाची का नाही?

भर समुद्रात एखादा तरुण खलाशी दगावल्याची बातमी आली की तिच्यावर होणारी चर्चा आता ठरावीक वळणाने जाते. कोणी म्हणतो, मुलगा मुळातच अनफिट असणार, पैसे मोजून मेडिकल सर्टिफिकेट मिळवले असणार. कोणी एजंटाला आणि कंपनीला शिव्या घालतो. मग एखादा जण डॉलरमधल्या पगाराची आणि अनिवासी म्हणून वाचणाऱ्या प्राप्तिकराची आठवण करून देतो, आणि विषय तिथेच मिटतो. या सगळ्यांत एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही : तो ज्या जागेत काम करत होता तिथले तापमान त्या दिवशी किती होते, आणि ते कोणी मोजले होते का? माझे म्हणणे असे की उष्ण कटिबंधातील समुद्रांवर काम करणाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत. आपण माणसाचे शरीर तपासतो, त्याचे वजन, रक्तदाब, साखर मोजतो, त्याला ‘फिट’ ठरवून बोटीवर पाठवतो, आणि पुढे जे होईल त्याची जबाबदारी त्याच शरीरावर टाकतो. तपासायला हवे आहे ते त्याचे कामाचे ठिकाण, आणि त्यासाठी आज व्यापारी जहाजांवर जवळजवळ कोणतीच मोजपट्टी लावलेली नाही.

ज्यांनी जहाजाचे इंजिनरूम आतून पाहिलेले नाही त्यांना ‘उष्णता’ या शब्दाचा अंदाज येणे कठीण आहे, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. जड इंधन तेल इंजिनात जाण्याआधी ते स्वच्छ करावे लागते, आणि त्यासाठी ते सुमारे ९८ अंश सेल्सियसपर्यंत तापवून प्युरिफायरमधून फिरवले जाते. हे प्युरिफायर बहुधा एका वेगळ्या, लहान, बंदिस्त खोलीत असतात. वाफेच्या किंवा गरम तेलाच्या नळ्या, हीटर, आणि लोखंडी भिंती. प्युरिफायरचा ‘बोल’ (bowl), म्हणजे आतले फिरणारे भांडे, साफ करायचा तर मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला कामगार, तिथे वाकून, जाड बॉयलर सूट, हातमोजे आणि सेफ्टी शूज घालून, तासभर तरी एकेक चकती सुटी करून घासत असतो. कपडे घामाने भिजतात, पण हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला थंड करत नाही. बाहेर पर्शियन आखात असेल तर उन्हाळ्यात तिथल्या समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणीच ३५ अंशांपर्यंत जाते, म्हणजे पंख्याने आत ओढलेली हवाही गरम आणि ओलीच. डेकवर वेगळे चित्र नाही : हॅच कव्हरच्या, म्हणजे मालाच्या कोठारावरच्या झाकणाच्या, तापलेल्या पोलादावर गुडघे टेकून गंज काढण्याचे चिपिंग भर दुपारीही चालते. आणि भटारखान्यात चीफ कुक पहाटेपासून रात्रीच्या जेवणापर्यंत शेगडीपुढे उभा असतो.

यावर पहिले उत्तर असे मिळते की हे जुन्या काळचे चित्र झाले, आता जहाजे वातानुकूलित असतात आणि नियम आहेत. यात तथ्य आहे. कोळशाच्या भट्ट्या गेल्या, रात्री इंजिनरूम बऱ्याच जहाजांवर माणसाविना चालते, आणि २०१३ साली अमलात आलेल्या, भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या सागरी श्रम करारानुसार राहण्याच्या खोल्या वातानुकूलित असणे बंधनकारक आहे. पण तो नियम नीट वाचावा. त्यात राहण्याच्या जागा आहेत, स्वतंत्र रेडिओ खोली आहे आणि यंत्रांची मध्यवर्ती कंट्रोल रूम आहे. प्युरिफायर रूम त्यात नाही, भटारखाना नाही, बॉयलरच्या भोवतीची जागा नाही. माणूस झोपतो तिथे थंडावा आणि राबतो तिथे काहीच नाही, अशी ही रचना आहे. दुसरीकडे यंत्रांची काळजी किती बारकाईने घेतली आहे ते पाहा. ‘क्लास’च्या, म्हणजे जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या, नियमांप्रमाणे जगभर फिरणाऱ्या जहाजाची यंत्रे ४५ अंशांची हवा आणि ३२ अंशांचे समुद्रपाणी गृहीत धरून बनवावी लागतात. इंजिनरूमच्या वायुवीजनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण बाहेरची हवा ३५ अंश धरते आणि आत साडेबारा अंशांची वाढ चालवून घेते. म्हणजे साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंत सगळे कागदोपत्री सुरळीत. हे आकडे इंजिनाला पुरेशी हवा मिळावी आणि यंत्र बिघडू नये म्हणून ठरवलेले आहेत. त्या हवेत माणसाने किती मिनिटे थांबावे, याचा आकडा कुठे आहे?

उष्ण कटिबंध कुठे सुरू होतो हे नौवहनाच्या कायद्याला ठाऊक नाही असेही नाही. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांच्या आग्रहामुळे १८७६ साली जहाजांवर भाररेषा, म्हणजे जहाज पाण्यात कुठवर बुडू द्यायचे याची खूण, सक्तीची झाली, आणि मालाच्या लोभापायी जहाज बुडेपर्यंत लादण्याच्या प्रथेला आळा बसला. आजच्या, १९६६ च्या भाररेषा कराराखाली जहाजाच्या बाहेरच्या अंगावर वेगवेगळ्या समुद्रांसाठी वेगवेगळ्या रेघा रंगवलेल्या असतात, आणि त्यांत ‘टी’ अक्षराची एक रेघ उष्ण कटिबंधासाठी असते. तिथे समुद्र तुलनेने शांत, म्हणून जहाज उन्हाळी रेषेपेक्षा अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाने अधिक बुडवायला परवानगी. बारा मीटर बुडणाऱ्या जहाजाला पंचवीस सेंटिमीटर जास्त. या पट्ट्याच्या सीमा नकाशावर अंशा-कलांनिशी आखलेल्या आहेत, आणि त्या ओलांडताना कॅप्टनला हिशेब करावा लागतो. जहाज त्या पट्ट्यात शिरले की मालाचे नियम बदलतात; माणसाच्या कामाचे तास, विश्रांती, पाणी यांतले काहीही बदलत नाही. चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती, हा नियम नॉर्वेच्या किनाऱ्यावर आणि तांबड्या समुद्रात एकच आहे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. समुद्रावर होणाऱ्या नैसर्गिक मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडच्या दर्यावर्दींत मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, सिगारेट यांचे प्रमाण काळजी करण्यासारखे आहे. जो माणूस आपली साखर लपवून बोटीवर जातो तो स्वतःलाच नव्हे, वीस-पंचवीस सहकाऱ्यांनाही धोक्यात घालतो. वैद्यकीय तपासणी कडक असावी, यात वाद नाही. पण हाच मुद्दा नीट पुढे नेला तर कुठे पोचतो? उष्णतेत शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते. शरीरातले पाणी कमी झालेले असेल तर हेच काम त्याला कमी रक्तात करावे लागते. म्हणजे कमजोर हृदयाच्या माणसाला गरम जागा आधी मारते. यातून कामाची जागा मोजण्याची गरज वाढते, कमी होत नाही. शिवाय तपासणी दोन वर्षांतून एकदा, मुंबईतल्या एखाद्या दवाखान्यात, बसलेल्या माणसाची होते. जुलैतल्या आखातात पाचव्या महिन्याच्या थकव्याने तो कसा वागेल, हे ती सांगू शकत नाही.

‘आपल्या लोकांना उन्हाची सवय असते’ हे वाक्य तर मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकले आहे. त्यातला खरा भाग मान्य केला पाहिजे : शरीर उष्णतेला सरावते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला द्रव वाढतो. पण हा सराव व्हायला एक ते दोन आठवडे रोज उष्णतेत काम करावे लागते आणि थंड हवेत काही आठवडे गेले की तो जातो. रत्नागिरीत जन्मलेला मुलगा जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर युरोपच्या बंदरांत काम करून सुएझमार्गे दहा-बारा दिवसांत तांबड्या समुद्रात उतरतो, तेव्हा त्याचे शरीर नॉर्वेच्या खलाशाइतकेच कोरे असते. सवय जन्माने येत नाही.

ती जन्माने येते असे मानण्याला मात्र इतिहास आहे, आणि तो आपला आहे. ब्रिटिश आगबोटींवर मुंबईतून भरती होणारे लस्कर, म्हणजे कोकणातले आणि गुजरातेतले डेकवरचे खलाशी व सारंग, पंजाब आणि सरहद्दीकडचे भट्टीवाले, गोव्याचे आचारी आणि बटलर, यांना कमी पगारात ठेवण्याच्या समर्थनार्थ हेच सांगितले जाई की उष्ण देशातले हे लोक भट्टीपुढे टिकतात, गोऱ्यांना ते जमत नाही. त्याच काळी ब्रिटिश खलाशाला झोपायला किमान ७२ घनफूट जागा द्यावी असा कायदा होता. लस्कराला ३६ घनफूट पुरेशी मानली गेली. लस्करांच्या नोकरीच्या करारात आणखी एक अट असे : हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३८ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे लस्करांना न्यायचे नाही, कारण त्यांना थंडी सोसवत नाही. म्हणजे थंडीपासून संरक्षण, तेही गोऱ्या खलाशांच्या नोकऱ्या राखण्याच्या सोयीने, कागदावर लिहिलेले. आणि उष्णतेपासून संरक्षणाची गरजच नाही, कारण ती त्यांच्या रक्तात आहे. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्यातल्या गावांनी चालवलेल्या वसतिगृहांत, ज्यांचे आजोबा-पणजोबा पुढच्या बोटीची वाट पाहत राहिले, त्या घरांतल्या माणसांनी तरी हा युक्तिवाद आज नव्याने उच्चारू नये.

माणूस न बदलता जहाज बदलले तर काय होते, याचे माझ्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण जपानी नौदलाचे आहे. १८८२-८३ साली ‘र्‍युजो’ ही युद्धनौका न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई अशा लांब सफरीवर गेली. तिच्यावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी हा मज्जातंतू आणि हृदय निकामी करणारा आजार झाला आणि २५ दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना संशय होता तो आहाराचा. त्यांनी १८८४ साली ‘त्सुकुबा’ ही दुसरी नौका त्याच मार्गाने पाठवायला लावली. फक्त खलाशांच्या जेवणात पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा भार कमी करून मांस आणि इतर प्रथिनयुक्त पदार्थ वाढवले. बेरीबेरीचे मोजकेच रुग्ण निघाले, आणि एकही मृत्यू झाला नाही. ताकाकी यांची कारणमीमांसा चुकीची होती. त्यांना प्रथिनांची उणीव वाटत होती, जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा लागायचा होता. तरीही उपाय लागू पडला, कारण त्यांनी खलाशाच्या प्रकृतीला दोष देण्याऐवजी जहाजावरच्या परिस्थितीत हात घातला आणि फरक मोजला.

मलेरियाबाबत आपण अजून ताकाकींच्या आधीच्या काळात आहोत. लागोस, अबिदजान, दुआला अशा पश्चिम आफ्रिकेतल्या बंदरांत जहाज धक्क्याला लागलेले असते, रात्री माल चढत-उतरत असतो, दिवे जळत असतात, जिन्यावर पहाऱ्याला खलाशी उभा असतो, आणि मलेरियाचा डास चावतो तो रात्रीच. फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक जातीचा ताप साधारण एक ते दोन आठवड्यांनी येतो. तोपर्यंत जहाज बंदर सोडून खोल समुद्रात गेलेले असते. सागरी श्रम कराराप्रमाणे डॉक्टर सक्तीचा आहे तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या जहाजांवर. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात, म्हणजे डॉक्टर नाही. औषधांच्या पेटीची किल्ली बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते, ज्याचे मूळ काम नकाशे आणि दिशा पाहण्याचे. तो रेडिओवरून किनाऱ्याचा सल्ला घेतो. रोममधले केंद्र १९३५ पासून असा सल्ला देत आले आहे आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. पण सल्ला देणाऱ्या डॉक्टरला समोर रक्ततपासणी लागते, आणि फाल्सिपेरम थांबत नाही : पहिल्या तापानंतर चोवीस तासांत योग्य औषध सुरू व्हावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जहाजावर तपासणीची पट्टी आणि आर्टेमिसिनिन गटातील गोळ्या असल्या तर हे जमते. नसल्या, किंवा मुदत संपलेल्या असल्या, तर तापाला पॅरासिटॅमॉल दिली जाते आणि माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी बेशुद्ध होतो.

‘मुंबईत वाढलेल्या माणसाला मलेरियाचे काय सांगता?’ असेही म्हटले जाते. मुंबईतला मलेरिया बहुतांशी व्हायवॅक्स जातीचा. त्याच्या अनुभवाने आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमपासून संरक्षण मिळेल अशा भरवशावर कोणी राहू नये. प्रतिबंधक गोळ्यांबद्दलची तक्रार मात्र खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. क्लोरोक्विन आफ्रिकेत निरुपयोगी ठरले आहे. मेफ्लोक्विनने काहींना मानसिक त्रास होतो. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला नाजूक होते, आणि डेकवर काम करणाऱ्याला तेच औषध हाती देणे अविचाराचे आहे. म्हणून तर हा निर्णय खलाशाच्या मर्जीवर किंवा कॅप्टनच्या आठवणीवर सोडता येत नाही. कोणते बंदर, किती रात्री, डेकचा माणूस की इंजिनचा, हे पाहून डॉक्टरने आधी ठरवावे आणि खर्च मालकाने करावा. डासांची पैदास असलेल्या बंदरांत नियमित जाणाऱ्या जहाजांवर योग्य साधने बसवावीत, असे सागरी श्रम करार स्वतःच म्हणतो. पण ‘योग्य’ काय ते प्रत्येक झेंड्याच्या देशावर, म्हणजे जहाज जिथे नोंदलेले आहे त्या देशावर, सोडून देतो. याउलट पिवळ्या तापाचे पाहा. त्या लशीचे पिवळे पुस्तक प्रत्येक खलाशाच्या पासपोर्टसोबत असते आणि बंदराबंदरांत ते पाहिले जाते. हा फरक का? कारण पिवळा ताप खलाशाकडून बंदरातल्या लोकांत पसरू शकतो, म्हणून देशांना त्याची भीती आहे. भर समुद्रात चढलेला मलेरियाचा ताप फक्त खलाशाला मारतो.

‘एवढा मोठा धोका असेल तर आकडे दाखवा’ ही मागणी रास्त आहे, पण आकडे का सापडत नाहीत हेही पाहायला हवे. उष्माघाताचे निदान त्या क्षणी शरीराचे आतले तापमान मोजले तरच पक्के होते. ते मोजले गेले नाही, देह जहाजाच्या शीतगृहात ठेवला गेला, पुढच्या बंदरात आठवड्याने उतरवला गेला, की शवविच्छेदनात उष्माघाताचा पुरावा हाती लागणे फार अवघड. कागदावर येते ते ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’. इंजिनरूमच्या लॉगबुकमध्ये सिलिंडरगणिक एक्झॉस्टचे तापमान, थंड पाण्याचे, वंगणतेलाचे तापमान दर पहाऱ्याला लिहिलेले असते. माणूस ज्या हवेत उभा होता तिच्या उष्णतेचा आणि दमटपणाचा मिळून अंदाज देणारी नोंद सापडणार नाही. मग विधवेला भरपाई मागताना हा मृत्यू कामामुळे झाला हे सिद्ध कशाने करायचे? जे मोजलेच नाही ते अस्तित्वात नाही असे ठरवणे हा पुरावा नव्हे. खलाशांच्या मृत्यूंची नोंद करून ती दर वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे पाठवण्याची तरतूद सागरी श्रम कराराच्या २०२२ च्या दुरुस्तीने झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. चांगली गोष्ट आहे. पण मूळ नोंदच चुकीची असेल तर तिची यादी जिनिव्हाला गेल्याने ती बरोबर होणार नाही.

समुद्रात जहाज थांबवता येत नाही, हा आक्षेप प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा आहे, म्हणून त्याला मान द्यायला हवा. बॉयलर फुटायला आला तर तो थंड होण्याची वाट पाहता येत नाही. पण रोजचे चिपिंग, हॅच धुणे, ठरलेल्या वेळी करायची प्युरिफायरची सफाई यांत आणीबाणी कसली? ही कामे पहाटे करता येतात, दोन माणसांत वाटता येतात, गार पाण्यात शिरेपर्यंत पुढे ढकलता येतात. अमेरिकी नौदलाची जहाजे व्यापारी जहाजांपेक्षा नक्कीच निवांत नसतात. तरीही त्यांच्या इंजिनरूममध्ये पहाऱ्याच्या जागी तापमापक कायम टांगलेले असतात, पारा ठरावीक आकड्यापुढे गेला की दमटपणा आणि तापलेल्या यंत्रांतून अंगावर येणारी उष्णता धरून मोजणी होते, आणि कामाच्या जडपणाप्रमाणे तिथे किती वेळ थांबायचे याचे कोष्टक पाहून माणसे बदलली जातात. जमिनीवर कतारसारख्या देशाने, ज्याच्या मजूर कायद्यांवर जगभर टीका झाली, २०२१ साली नियम केला की उष्णता, दमटपणा आणि ऊन मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ अंशांपुढे गेला की उघड्यावरचे काम थांबलेच पाहिजे. त्याच कतारच्या बंदरात उभ्या असलेल्या, लायबेरियाच्या झेंड्याच्या जहाजाच्या डेकवरच्या सिंधुदुर्गच्या मुलाला हा आकडा कोण लावणार? अहमदाबादेत २०१० च्या लाटेनंतर शहराने उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे अनेक शहरांनी तो उचलला. त्यांपैकी एकाही आराखड्याची हद्द समुद्रावर जात नाही.

राहिला शेवटचा, आणि आपल्याकडे सर्वांना गप्प करणारा आक्षेप : भारताने जास्त अटी घातल्या तर मालक दुसऱ्या देशातली माणसे घेतील. भीती खोटी नाही. बेकार कॅडेटांच्या रांगा मुंबईत पाहिलेल्या माणसाला ती खोटी म्हणता येणार नाही. पण फिलिपीन्सने आपल्या दर्यावर्दींसाठी सरकारने ठरवलेला प्रमाणित करार, आजार आणि अपंगत्वाच्या भरपाईच्या कोष्टकासह, कित्येक वर्षे सक्तीचा ठेवला आहे. मालकांनी त्याविरुद्ध कुरकुर केली, खटले लढवले, आणि तरीही जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्यांत तो देश अग्रभागी राहिला. भारतही पहिल्या पाच पुरवठादार देशांत गणला जातो. जहाजाचा झेंडा पनामाचा असो की मार्शल बेटांचा, भारतातून माणूस घ्यायचा तर ज्या एजन्सीमार्फत घ्यायचा तिला परवाना नौवहन महासंचालनालयच देते. २०२५ साली संसदेने १९५८ चा कायदा बाजूला सारून नवा वाणिज्य नौवहन कायदा मंजूर केला आहे. त्याखालच्या नियमांत या परवान्याच्या अटी म्हणून चार गोष्टी घालता येतील. इंजिनरूम, प्युरिफायर रूम आणि भटारखान्यातल्या उष्णतेची रोजची नोंद आणि तिची प्रत खलाशाला मागताक्षणी मिळण्याचा हक्क. उष्ण पट्ट्यात शिरल्यावर पहिल्या आठवड्यात जड कामाचे तास कमी. मलेरियाच्या बंदराआधी डॉक्टरचा लेखी सल्ला आणि पेटीत मुदतीतल्या पट्ट्या व गोळ्या. आणि साइन ऑफ होणाऱ्या, म्हणजे करार संपवून जहाज सोडणाऱ्या, प्रत्येकाच्या हातात मागच्या बंदरांची यादी असलेला एक कागद. हा शेवटचा कागद विशेष महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात घरी आलेल्या मुलाला ताप आला तर कोकणातला डॉक्टर आधी डेंग्यू किंवा लेप्टो धरून चालतो, आणि मुलगा पंधरा दिवसांपूर्वी लागोसला होता हे त्याला कोणी सांगितलेले नसते. यातली एकही अट पाळण्यासाठी जहाज थांबवावे लागत नाही, आणि ती घालण्यासाठी कोणत्याही परदेशी झेंड्याची परवानगी घ्यावी लागत नाही.